आत्याचे कोट

सही करण्याआधी धाकट्याने पेन दोनदा झटकलं. या अर्जातून त्याला मिळणार होतं ते असं: आत्याच्या शिलाईच्या दुकानाची किल्ली, तिच्या मिळकतीचा कारभार पाहण्याचा कोर्टाचा अधिकार, आणि ताईवर एकदाचा वरचष्मा. तिसऱ्यासाठी तो पहिली दोन्ही सोडायला तयार होता.

ताईला आत्याच्या मशीनवर बसायला मिळालं की पुरे होतं. पण कोर्टाचा कागद येईपर्यंत दुकान बंद, आणि भाऊ अडून बसलेला.

“त्याला म्हणावं, घे बाबा तुझा अधिकार,” ना हरकतीवर सही करत ती वकिलांना म्हणाली. भाऊ शेजारच्याच खुर्चीत होता. आत्या गेल्यापासून दोघं वकिलांमार्फतच बोलत.

वकील म्हातारे, काळा कोट कोपरावर फाटलेला. “चांगला दुरुस्तीला दिलाय,” असं कुणी न विचारताच सांगायचे.

अधिकार मिळाला आणि घोळ उघडा पडला. दुरुस्तीला आलेल्या कपड्यांना आत्या ‘माझे कोट’ म्हणायची. पावती तिने कधी दिली नाही. गिऱ्हाइकाचे खांदे बघायची आणि कोट काढून द्यायची. धाकट्याने लहानपणापासून ऐकलेलं तसंच शपथेवर लिहून दिलं होतं. मिळकत: दुकान, मशीन, कात्र्या, भिंतभर कोट.

“लोकांचे कोट आत्याच्या नावावर लावलेत तुम्ही,” वकील म्हणाले. “यादी सुधारून देऊ. पण ज्याचा त्याला पोचेपर्यंत तुमचा हिशोब काही बंद होत नाही. अधिकार तुमचाच ना?”

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. दाबलेल्या हसण्याने तिचे खांदे मात्र हलत होते.

दुकानाच्या दारावर ‘आपापले कोट घेऊन जा’ अशी नोटीस लागली. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की धाकटा येऊन लोकांना कोट चढवून बघू लागला.

“काका, हा तुमचा नाही. बटणं लागत नाहीयेत.”

“दिला तेव्हा लागत होती!”

“तुझं काय जातंय रे? दे इकडे, शिवण सोडते,” मशीनवरून ताई म्हणाली.

“सोड. पोटाला पुढच्या वर्षाचीही जागा ठेव.”

काकांसकट तिघंही हसली. मध्ये वकील नव्हते, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

भिंत रिकामी होत गेली. शेवटच्या हिशोबावर सही घ्यायला वकील दुकानात आले, तेव्हा खुंटीवर एकच कोट होता. काळा, कोपरावर बारीक रफू केलेला.

“एवढाच राहिला,” धाकटा म्हणाला. त्याची नजर वकिलांच्या खांद्यांवर गेली आणि घाईने कात्रीवर उतरली.

“कुणाचा, कोण जाणे,” ताईने दाताने दोरा तोडला. “तो गेला की सुटलास तू. मग कशाला फिरकशील इकडे!”

धाकटा नुसताच कात्रीची उघडझाप करत राहिला.

वकिलांनी बाही हातात घेतली, रफूवरून अंगठा फिरवला. मग बाही नीट सोडून दिली.

“मालक आल्याशिवाय हिशोब बंद करता येणार नाही,” ते म्हणाले. “पुढची तारीख मागून घेतो.”

“नाइलाज आहे,” धाकटा म्हणाला आणि ताईकडे चहाचा कप सरकवला. “उद्या जरा लवकरच येतो.”

कोर्टाचा खर्च धाकट्याने भरला, चहाचा ताईने. उरलेला वकिलांनी भरला. रस्त्यावर गार वारा सुटला होता. फाटक्या कोपरावर फाइल धरून ते मजेत चालू लागले.