ठिगळावरून गेलेली सीमा

बुडालेल्या साम्राज्याची सीमा तिच्याच ठिगळावरून गेली होती.

तिनं चष्मा पुसला, भिंग पुन्हा नकाशावर धरलं. नदीच्या वरच्या अंगाला कसरीनं खाल्लेलं भोक सहा वर्षांपूर्वी तिनंच नव्या कागदानं भरलं होतं. ठिगळ मुद्दाम फिकट ठेवलेलं. संग्रहालयात तिच्या आधीपासून दुरुस्ती करणाऱ्या काकांनीच शिकवलं होतं, "दुरुस्ती दिसली पाहिजे, पोरी. आपण डॉक्टर, बहुरूपी नव्हे." आणि तीनशे वर्षांपूर्वीची म्हणवणारी लाल रेघ त्या ठिगळावरून ऐटीत नदीपलीकडे गेली होती. प्रत्येक वळणावर बारीक ठिपका. कुंचला उचलताना असा ठिपका साऱ्या संग्रहालयात एकाच माणसाचा पडायचा.

तो माणूस खिडकीशी खळ ढवळत बसला होता.

"काका, ही रेघ कधी मारलीत?"

"मारली कुठं? पुसट होती, जरा उजळली."

"माझ्या ठिगळावर पुसट रेघ? झोपेत काढली होती मी?"

काकांचा हात थांबला. "संचालकसाहेब म्हणाले, साम्राज्य होतंच, फक्त पुरावा मिळत नाही. वर्षभर डोकं खाल्लं गं त्यांनी."

"म्हणून तुम्ही रंगवून दिलात!"

तेवढ्यात संचालकसाहेब आत आले. "ताई, तपासणीच्या कागदावर सही झाली? शाळेचं पुस्तक छापायचं थांबलंय. मुखपृष्ठावर हाच नकाशा."

"आणि उद्या नदीपलीकडच्या गावांना सांगणार, जमीन आमची, चालते व्हा?"

"ते आमच्यावर सोडा. तुम्ही सही करा, नाहीतर तुमच्या खुर्चीत बसून दुसरं कुणी करेल."

तिनं कागद ओढला. लिहिलं: 'ठिगळ सहा वर्षांपूर्वी मी लावले. लाल सीमा त्यावर आहे. म्हणजे त्यानंतरची आहे. सीमा काढणाऱ्याचे नाव:' पुढे जागा सोडून खाली ठसठशीत सही केली.

साहेबांनी वाचलं. मान लाल झाली. "हे फाडून टाकीन मी!"

"खुशाल फाडा. ठिगळ नकाशातच आहे. कागद दुसरा लिहीन."

कागद टेबलावर भिरकावून, दार आपटून साहेब गेले.

काकांनी तो कागद उचलून वाचला. म्हणाले, "माझं नाव नाही घातलंस."

"नाही." तिनं पेन त्यांच्यापुढं आदळलं. वाटीतली खळ हिंदकळली. "शिकवताना मोठ्यानं बोलायचात. आता लिहा."