दोघांच्या गुडघ्यांवरचा रग

मी एक जुना रग आहे, मित्रांनो. गडद हिरव्या लोकरीचा, मधोमध कॉलेजचे पांढरे अक्षर शिवलेला. अक्षराखाली चार चांदण्या आहेत. उन्हाळा संपताना आलेले एक पत्र फुटबॉलच्या सबंध हंगामात माझ्या घडीत पडून होते. डेल्मरने ते ऑरिनला लिहिले होते आणि ऑरिन त्याला उत्तर देत नव्हता. अशा गोष्टीला भिजत घोंगडे म्हणतात. मी घोंगड्याचाच भाऊबंद, म्हणून तो शब्द मला जरा लागतो.

माझा जन्म आयोवातल्या एका नदीकाठच्या गिरणीत झाला. ती गिरणी आता नाही. त्या काळी वेदरबी कॉलेजच्या संघातून चार वर्षे खेळलेल्या मुलाला शेवटच्या सामन्यानंतर एक रग मिळे, वर्षाला एक चांदणी या हिशेबाने. मी डेल्मरला मिळालो. तो कोठाराच्या दरवाजासारखा रुंद होता आणि मला घ्यायला कुबड्यांवर आला, कारण त्याच सामन्यात त्याचा डावा गुडघा गेला होता. अमेरिकेतला हा फुटबॉल हातात चेंडू घेऊन खेळतात, आणि तो पुढच्या रांगेत खेळे. त्या रांगेतल्या मुलांनी समोरच्याला फक्त रेटायचे असते. चार वर्षांत त्याचा हात चेंडूला लागला नाही, आणि याचे त्याला कधी वाईटही वाटले नाही.

ऑरिन त्याच्या खोलीत राहणारा मुलगा. काडीसारखा, चष्म्याचा, पुस्तकात तोंड खुपसून बसणारा. पुढे तो त्याच कॉलेजचा ग्रंथपाल झाला. डेल्मरने गावात बियाण्यांचे दुकान टाकले. दोघे म्हातारे झाले तरी शरद ऋतूतल्या प्रत्येक शनिवारी मैदानाच्या वरच्या रांगेतल्या त्याच दोन जागांवर बसत आणि मी दोघांच्या गुडघ्यांवर असे. मी दोघांनाही अरेतुरे करतो. इतकी वर्षे गुडघ्यांवर काढल्यावर एवढा हक्क मिळतो.

माणसाचे खरे मत गुडघ्यात असते, मित्रांनो. तोंडाने तो काहीही म्हणो. "आज जिंकू" असे डेल्मर ओरडत असताना त्याचा चांगला गुडघा "नाही, नाही" म्हणत हलत असे, आणि मी ते गुपचूप झाकून ठेवी.

दोघांची कामे वाटलेली होती. ऑरिन बघे आणि डेल्मर बोले.

"माझं चुकतही असेल," ऑरिन चष्मा पुसत पुटपुटे, "पण तो चेंडू फेकणारा पोरगा आधीच डावीकडं बघतो. चेंडू कुठं जाणार ते समोरच्यांना कळतं."

लगेच डेल्मर उभा राही. "अरे ए, नाकासमोर बघ की! साऱ्या गावाला पत्ता सांगत सुटलायस!"

खालच्या रांगेतले लोक माना वळवून म्हणत, डेल्मरची नजर काय तीक्ष्ण आहे. ऑरिन माझ्या काठात हनुवटी लपवी. त्याला फार आनंद झालेला असे.

"तूच का नाही सांगत?" डेल्मर विचारी.

"तुझा आवाज चांगला आहे."

"आणि अक्कल तुझी. दोघं मिळून एक माणूस होतो आपण लेका."

आमच्या संघाचे नाव बगळे. ज्या वर्षी बगळ्यांनी भोवतालच्या सगळ्या कॉलेजांना लोळवले, त्या वर्षी मला झेंड्यासारखे मिरवले गेले. त्यानंतरची वर्षे मात्र सांगण्यासारखी नाहीत. बगळे आपले एका पायावर ध्यान करत राहिले. मीही उतरणीला लागलो. एका कोपऱ्यावर कॉफी सांडली, दुसऱ्यावर मोहरीची चटणी. एका उन्हाळ्यात डेल्मर मला मोटारीच्या डिकीत विसरला, तेव्हा कसरीने खाल्ले. चौथी चांदणी सुटून लोंबू लागली. टाका घालायचा, असे दोघेही म्हणत. म्हणत तेवढेच.

मग गेल्या हिवाळ्यात डेल्मर दुकानाच्या पायरीवर घसरला. त्याची लेक ॲरिझोनाहून आली आणि त्याला घेऊन गेली. निघताना त्याने मला ऑरिनच्या हातात दिले.

"तिथल्या उन्हात लोकर घेऊन काय करू? तुझ्याकडं ठेव. परत आलो की दे."

ऑरिनने मान हलवली. त्याचा स्वभावच तसा. नको तिथे मान हलवायचा आणि हवे तिथे गप्प राहायचा.

त्यानंतर ते पत्र आले. ऑरिनने मला पांघरून ते मोठ्याने वाचले, म्हणून मला पाठ आहे.

"ऑरिन, फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही आणि तुला बोलता येत नाही. कॉलेज विचारतंय, माझी मैदानावरची जागा पुढच्या वर्षी ठेवायची की सोडायची. हंगाम संपला की कळवायचंय. लेक म्हणते सोडा. डॉक्टर काहीच म्हणत नाही, नुसता गुडघ्याकडं बघतो. इथल्या म्हाताऱ्यांच्या हॉलमध्ये एसी एवढा गार असतो की माझा गुडघा बारा महिने नोव्हेंबरात राहतो. तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस. मी परत येईन असं तुला वाटतं का? तू म्हणशील तसं करीन. आणि पोरं कशी आहेत तेही लिही."

ऑरिनने पत्र घडी करून माझ्यात ठेवले. "पहिला सामना जिंकले की लिहितो," तो म्हणाला. "हरल्याचं कसलं लिहायचं?"

मित्रांनो, ते पहिला सामना हरले. दुसराही हरले. तिसऱ्यात अर्ध्यापर्यंत पुढे होते, आणि ऑरिनने खिशातले पेन चाचपलेसुद्धा. मग पाऊस आला, चेंडू निसटू लागला आणि पेन खिशातच राहिले. जुन्या विद्यार्थ्यांच्या शनिवारी समोरच्यांनी एवढे गुण केले की आमच्या बँडवाल्यांना वाजवायला उसंत नव्हती. तरी ऑरिनचे मत असे की यंदा मैदानावर उतरलेल्या सगळ्यांत बँडच बरा होता.

मते त्याच्याकडे ढीगभर होती, फक्त ती ओरडणारे कुणी उरले नव्हते. सगळी माझ्यावर पडत. नवा कोच तोंडासमोर पुठ्ठा धरून बोलतो, जणू याचे डाव चोरायला कुणी टपून बसले आहे. हे डाव चोरले तर चोराचेच नुकसान. पोरे हडकुळी आहेत, त्यांना कुणी पोटभर वाढत नाही. नव्या पांढऱ्या पोशाखात ती पोरे कमी आणि वाढपी जास्त दिसतात. पण त्याचा खरा राग चौथ्या प्रयत्नावर होता. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असा खेळ. तीन झाले आणि हातभर अंतर उरले, की कोच चौथ्या प्रयत्नाला चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांना देऊन टाकी. दर वेळी.

"हातभर तर उरलंय," ऑरिन मला सांगे. "अडखळून पडलं तरी होईल. माझं चुकतही असेल." त्याच्या शेजारी माझा अर्धा भाग रिकाम्या जागेवर पसरलेला असे. वारा आला की तो उडे आणि ऑरिन तो पुन्हा नीट घाली, जणू तिथे कुणी बसले आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी एका झोंबऱ्या शनिवारी एक बाई पायऱ्या चढून वर आली. ठेंगणी, जाड कोट घातलेली, काखेत डबा.

"इथं कुणी बसतं का?"

"हो," ऑरिन म्हणाला. "म्हणजे नाही. म्हणजे सध्या नाही."

"मग सध्या मी बसते. खाली वारा फार आहे." तिने माझा रिकामा अर्धा भाग उचलला आणि खुशाल गुडघ्यांवर घेतला. "त्रेसष्ट नंबर माझा. रेने. मी मारिसेला ओचोआ. शेवटचं वर्ष त्याचं."

त्रेसष्ट पुढच्या रांगेत खेळे, डेल्मरच्याच जागी. तो समोरच्याला रेटू लागला की त्याच्या आईचा गुडघा माझ्याखाली रेटू लागे. कितीतरी महिन्यांनी माझ्या दोन्ही बाजू गरम झाल्या.

पुन्हा चौथा प्रयत्न आला. पुन्हा हातभर अंतर. ऑरिन पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"म्हणालात की. तोंडातल्या तोंडात काय म्हणता? मला सांगा."

ऑरिनने सांगितले. ती ताडकन उठली. "ओ कोच! हे माझ्या शेजारचे साहेब म्हणतायत, हातभर उरलंय, पुढं जा! शिकलेले दिसतात, ऐका त्यांचं!"

ऑरिनने मला नाकापर्यंत ओढले. कोचने वर बघितले आणि चेंडू लाथाडला. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर तिने फोन काढला. ऑरिनने धीर करून विचारले, "हरल्यावर बोलता त्याच्याशी?"

"मग कधी बोलू? हे जिंकायची वाट बघत बसले तर पोरगा पदवी घेऊन निघून जाईल."

"सांगता काय पण?"

"काय सांगायचं? दोनदा आपटलास, दोनदा उठलास. डब्यात मक्याचे तमाले आणलेत, गार व्हायच्या आत गाडीपाशी ये."

त्या दिवशी घरी जाताना ऑरिनने कोचला नावे ठेवली नाहीत. मला ते चमत्कारिक वाटले.

शेवटचा सामना नोव्हेंबरातला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना आईबापांसह मैदानात बोलावले. आता रग देत नाहीत. रेनेला चौकटीतला फोटो मिळाला आणि त्याची आई तो कोटाखाली धरून वर आली.

"तुमच्या रगावर या चांदण्या कसल्या?" तिने लोंबती चांदणी बोटाने सारखी करत विचारले.

"रग माझा नाही," ऑरिन म्हणाला. आणि मग त्याने, ज्याला दुकानदाराला सुटे मागायला लाज वाटते त्या माणसाने, तिला सगळे सांगितले. डेल्मर, गुडघा, जागा, पत्र. पत्र काढून दाखवले.

"मग काय लिहिलंत?"

"अजून काही नाही. एकदा जिंकले की लिहिणार होतो."

तिने खाली गुणांच्या फलकाकडे बघितले, मग त्याच्याकडे. "देवावर फार ओझं टाकता बाई तुम्ही."

ऑरिनने पत्र पुन्हा घडी करून माझ्यात ठेवले. पण त्याचे दोन्ही गुडघे माझ्याखाली गार पडले होते. परत येशील असे लिहिले तर ते खोटे होते, आणि दुसरे लिहिले तर शेजारची जागा खरोखरच रिकामी होणार होती. म्हणून तो बगळ्यांच्या जिंकण्याआड लपला होता. मला हे आधीपासून ठाऊक होते. पण रगाला कोण विचारतो?

खेळ संपत आला. आम्ही खूप मागे होतो. चौथा प्रयत्न, हातभर अंतर. या वेळी कोचने पुठ्ठा खाली ठेवला आणि पोरांना पुढे जायला सांगितले. त्याला तरी आता गमवायला काय उरले होते? रांगा एकमेकींवर आदळल्या, मोठा ढिगारा झाला, आणि पंचाने हात पुढे केला. मिळाले होते. हातभर, किंवा त्याहून थोडे कमी.

सगळ्यात शेवटी त्रेसष्ट ढिगाऱ्याखालून उठला. मी पायऱ्यांवर घसरून पडलो, कारण ऑरिन उभा राहिला होता.

"उठला," तो म्हणाला. मग सगळ्या रांगांना ऐकू जाईल असे पुन्हा म्हणाला, "त्रेसष्ट उठला!" त्याचा आवाज चिरका आहे, मित्रांनो. मी तो असा ओरडताना तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर दोन मिनिटांत आम्ही तो सामनाही हरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरिनने सुई-दोरा घेतला आणि माझी चौथी चांदणी शिवली. वाकडी शिवली. दोनदा बोटात सुई गेली. मग टेबलाशी बसून त्याने पत्र लिहिले आणि मला गुडघ्यांवर घेऊन वाचून बघितले.

"डेल्मर, एकदा जिंकलो की लिहीन म्हणून थांबलो होतो. एकदाही जिंकलो नाही. हंगामभर कोचला नावं ठेवली, की चौथ्या प्रयत्नाला चेंडू लाथाडून का देतो. दर शनिवारी मी तेच करत होतो. तू विचारलंस म्हणून सांगतो. तू परत येशील असं मला वाटत नाही. माझं चुकतही असेल."

इथे तो थांबला. ते शेवटचे वाक्य त्याने खोडले आणि पुढे वाचले.

"जागा सोड. तिथं त्रेसष्टची आई बसते. पोरगा निघून गेला तरी पुढच्या वर्षी येते म्हणाली, बघू. आवाज तुझ्याएवढा नाही, पण खालपर्यंत पोचतो. पोरं कशी आहेत विचारलंस. आपटतात आणि उठतात. रग पाठवतोय. परत आलो की दे म्हणाला होतास, पण तुझा गुडघा आत्ता गारठलाय. हॉलमध्ये अर्धा शेजारच्याला दे. तो काही पुटपुटत असला तर ऐक, आणि मोठ्यानं सांग सगळ्यांना. मला तुझी फार सवय झाली होती. ऑरिन."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा, कडुनिंबाचा पाला ठेवा, आणि टाका सुटला तर त्याच दिवशी घाला. वाकडा घातला तरी चालतो. आम्हाला वाकड्या टाक्याने दुखत नाही. घालीन घालीन म्हणत ठेवलेल्या टाक्याने दुखते.

सोमवारी ऑरिनने माझी घडी केली. आत या वेळी त्याचे स्वतःचे पत्र ठेवले आणि खोके चिकटपट्टीने बंद केले. आत अंधार आहे आणि कागदाचा वास येतो. पोस्टातल्या बाईने विचारलेले मला ऐकू आले, "आत काही फुटण्यासारखं आहे का?"

मागे रांगेत कुणीतरी खोकले.

"नाही," तो म्हणाला. "पोचेल नीट."

त्याने खोक्यावरून एकदा तळवा फिरवला, रग नीट घालायचा तसा. मग शिक्का बसला.