दोन लघू कमी

दयाराम मास्तरांना वृत्तांचं भारी वेड. पनवेलच्या बाजारात एका कोळणीची आरोळी भुजंगप्रयातात बसली, म्हणून त्यांनी भाव न करता टोपलीभर बोंबील उचलले. काकूने कपाळावर हात मारला. पुतणी दमयंतीला मात्र काकांसारखा माणूस जगात दुसरा नाही असंच वाटायचं. लघू-गुरू ती त्यांच्याकडूनच शिकली, तेही भाकरी थापता थापता. लघूला आखूड थाप, गुरूला लांब.

तिचं लग्न उरणच्या भगवानशी ठरलं आणि होणारी सासू चंद्रावती म्हणाली, "दमयंती? हाक मारीपरत भाकर करपंल! आमी शांती ठेवनार."

लग्नात सुनेचं नाव बदलायची रीतच. दमयंती रडली नाही, पण जेवलीही नाही. "काका, माझं नाव तेवढं वाचवा."

"मी काय करणार? शब्द त्यांचा," काका तपकीर ओढत म्हणाले. "मी आपला मंगलाष्टक लिहितो."

मांडवात कर्णा लागला. अंतरपाट धरला. "मास्तर, शांतीच म्हना हां!" चंद्रावतीने बजावलं. काकांनी मान डोलावली आणि शार्दूलविक्रीडित खणखणीत सुरू केलं.

"लाडाची शांति आज—"

आणि थांबले.

थांबले म्हणजे संपलं, असं समजून शिवा बँडवाल्याने दणकून बँड लावला. अक्षता उडाल्या. पाट धरणाऱ्या काशीरामने तो सोडला. भगवान हार घेऊन पुढे झाला.

"थांबा! अजून लग्न लागलं नाही!" काका कर्ण्यातून गरजले. "दोन लघू कमी पडतात. चरण लंगडतोय."

पाट वर, बँड बंद, काका पुन्हा पहिल्यापासून. "लाडाची शांति—" पुन्हा अडले. पुन्हा बँड, पुन्हा पाट खाली, भगवान पुन्हा हारासकट पुढे. तिसऱ्या खेपेला अक्षता संपल्या. पाटाआड दमयंतीचा जीव टांगणीला, आणि भटजी घड्याळाकडे बोट दाखवून घामाघूम.

"अवो मास्तर," चंद्रावती किंचाळली, "तुमचं लघू गेलं खड्ड्यात! बसतंय ते म्हना, मुहूर्त चाललाय!"

"एकच नाव बसतंय, विहीणबाई."

"मंग म्हना ना!"

"लाडाची दमयंति आज निघते, सौख्यात नांदो सदा!"

खाडीपलीकडे ऐकू गेलं असेल. मग तांदळात नाव लिहायला भगवान बसला, तेव्हा चंद्रावतीच वैतागून म्हणाली, "दमयंतीच लिव रं. आता सगल्यांच्या तोंडात तेच बसलंय."

पहिल्या माहेरपणाला दमयंती चुलीपुढे भाकरी थापत होती. थापता थापता हात एकदम थबकला.

"काका! 'लाडाची शुभ शांति आज निघते.' दोन लघू. चोख बसतंय की हो!"

"बसतंय?" काका इकडेतिकडे तपकिरीची डबी शोधू लागले. "अगं, मला मूर्खाला सुचलंच नाही बघ."

डबी त्यांच्या हातातच होती.