वार खाली आहे

वच्छलाने ताटाला नमस्कार केला आणि ओठ मिटले. तेवढ्याचीच वाट पाहत असल्यासारखे कृष्णकांत बोलले.

"तर मग रविवारी सकाळीच निघू. अदितीची ओटी गावाला कुलदैवतासमोरच भरायची, ठरलं."

चातुर्मासात वच्छला मौनाने जेवत असे. एक शब्द जरी तोंडातून गेला तरी ताटावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असा तिचा नेम. लग्न होऊन आल्यापासून तो मोडला नव्हता. घरातले अवघड निर्णय नेमके चातुर्मासात, नेमके जेवतानाच का होतात, हे तिला केव्हाच कळलं होतं. नवऱ्याच्या या हुशारीची तिला चीड येत नसे. पायाखाली आलेल्या खरकट्याकडे पाहावं तसं ती त्या हुशारीकडे पाही.

समोर बसलेल्या सुनेचा हात भातातच थांबला.

"बाबा, डॉक्टर प्रवास नको म्हणाल्यात," अदिती म्हणाली. "वार खाली आहे. पिशवीच्या तोंडावरच."

"वार!" कृष्णकांतांची थोरली बहीण इंदुताई हसली. गावाकडचा मांडव पक्का करून ती कालच नरखेडहून आली होती. "मी तं नऊ महिने संत्र्याच्या बगिच्यात राबली वं. मले कोनं सांगतलं, वार वर हाय का खाली हाय? लेकरू झालं, वार पडली, सुईणीनं खड्डा करून पुरली. फेकून द्यायची चीज ते. तिच्यासाठी अख्ख्या गावाचं जेवण थांबोता काय?"

वच्छला घास चावत राहिली. दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत तिने पडद्यावर ती वार पाहिली होती. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवली. बाळ जिथून झालं, तिथूनच हीही झाली, म्हणाल्या. बाळाला अजून श्वास घेता येत नाही, तर श्वास हीच पुरवते. अन्न हीच नेते, घाण हीच बाहेर काढते. आईचं रक्त एका अंगाला, बाळाचं दुसऱ्या अंगाला, मधे पातळ पडदा. एवढी देवघेव, पण दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळू देत नाही. आणि मग त्या गंभीर झाल्या होत्या. "एकदा रक्त गेलंय. पुन्हा गेलं तर थांबणार नाही. दवाखाना हाकेच्या अंतरावर हवा."

तेव्हा कृष्णकांत खाली गाडीत बसून मोबाईल पाहत होते.

"गाडी हळू चालवतो ना मी," विहंग म्हणाला. मोबाईलमधून मान त्याने वर केली नाही. वच्छलाने मुलाकडे पाहिलं. मिहानच्या दुरुस्ती केंद्रात विमानं तपासायची नोकरी. एक स्क्रू सैल दिसला तर हा विमान जमिनीवरून हलू देत नाही, असं कौतुकाने सगळ्यांना सांगतो.

"हो ना," कृष्णकांत म्हणाले. "अन् आपण काही सिनेमाले नाही चाललो. देवाच्या दारी चाललो. कुलदैवत पाहून घेईल. डॉक्टर काय, भीती दाखवूनच राहिले सगळे."

आयुष्यात एक एकादशी धरली नव्हती या माणसाने. देवघरातला दिवा विझलेला दिसला तर हाक मारायचा, स्वतः वात सारायचा नाही.

अदितीने सासूकडे पाहिलं. तिचा डावा हात पोटाखाली गेला होता.

"वच्छलाची बी काही हरकत नाही," कृष्णकांत वरणाची वाटी पुढे करत म्हणाले. "हो ना वं?"

वच्छलाने हातातला घास ताटात परत ठेवला.

"अदिती जाणार नाही," ती म्हणाली.

आवाज नेहमीसारखाच हळू होता. इंदुताईच्या हातातला पापड तसाच राहिला.

"अवं, बोलली तू! तुहा नेम मोडला ना!"

"मोडला."

"देवाचं कार्य आहे," कृष्णकांत म्हणाले. "त्याले काय सांगू आता?"

"तुम्ही नका सांगू. तुमची ओळख नाही त्याच्याशी. मी सांगीन."

वच्छला उठली. ताट उचलून तिने मोरीपाशी ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले. भाताचं पातेलं घेऊन ती अदितीजवळ बसली आणि तिच्या पानात गरम भात वाढला. त्यावर तूप सोडलं.

"जेव."

अदिती जेवू लागली.

"विहंग," वच्छला म्हणाली, "तो मोबाईल ठेव बाजूला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते आता तुला नीट सांगते. तुम्हीही ऐका."

आजचं जेवण सुटलंच होतं. बोलायला आता सगळी दुपार मोकळी होती.