पंगतीत दिलेला शब्द

थोरली नात सुचेता हिचं लग्न लंडनमधल्या वेम्बलीच्या हॉलमध्ये लागलं, ते साल २००६. मे महिना, बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा, सोमवार. पुरुषोत्तमरावांनी हट्टाने बफे रद्द करून पंगत बसवली होती, आणि त्याच पंगतीत, जिलबी वाढून झाल्यावर, त्यांनी धाकट्या नातीचं पुढचं सगळं ठरवून टाकलं.

धाकटी ईशिता अठराची. तिला हाडांची सर्जन व्हायचं होतं. लहानपणी बाहुलीच्या पायालासुद्धा ती प्लास्टर घालायची. हातात दोन जागा होत्या. एक स्कॉटलंडमध्ये मेडिकलची, दुसरी लंडनमध्ये ऑस्टिओपॅथीची. मेडिकलला चारच ठिकाणी अर्ज करता येतो, म्हणून ही दुसरी फॉर्मवरचा उरलेला रकाना रिकामा राहू नये एवढ्यासाठी मागितलेली. पण कॉव्हेंट्रीतल्या घरी आजीचं, वैजयंतीबाईंचं, हृदय अधू झालं होतं. स्कॉटलंड म्हणजे दिवसभराचा प्रवास. लंडनहून दर शनिवारी घरी येता आलं असतं.

पंगतीत शेजारी बसला होता पुतण्या जयंत, न्यू जर्सीचा सर्जन. तो म्हणाला, "काका, मी स्वतः ऑस्टिओपॅथिक कॉलेजचा. डी.ओ. काय, एम.डी. काय, आमच्याकडे दोघंही डॉक्टर. हां, ऑर्थोपेडिक्ससारख्या ठिकाणी मोजक्या जागा आणि ही झुंबड. तिथे डी.ओ.वाल्याला दुप्पट घासावं लागतं. पण बघा, आज गुडघे बदलतोय की!"

"झालं तर मग!" पुरुषोत्तमराव उभेच राहिले. "मंडळी, आमची ईशिता लंडनला शिकणार. जयंतासारखी सर्जन होणार, आणि आजीच्या जवळही राहणार!"

टाळ्या पडल्या. ईशिताचा बाप रवी काहीतरी बोलायला गेला, पण या घराण्यात पाहुण्यांसमोर पंगतीत दिलेला शब्द कुणी मोडत नसे. त्याने घास घेतला. ईशिताने मान खाली घालून ताटातली जिलबी फिरवली. त्याच संध्याकाळी तिने वेबसाइटवर लंडनला हो कळवलं आणि स्कॉटलंडला नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी पुरुषोत्तमराव नीनाकडे गेले. कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात तीस वर्षं वाकून त्यांची कंबर धरली होती; ती दर महिन्याला हातांनी दाबून मोकळी करून देणारी ही ऑस्टिओपॅथ. इथेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी. पालथं पडल्या पडल्या त्यांनी अभिमानाने बातमी दिली. "आमची नातही तुझ्याच वाटेने येतेय हो. मग पुढे ऑपरेशनं करणार."

नीनाचे हात थांबले. "काका, ऑपरेशन? कोण म्हणाला?"

"माझा पुतण्या करतो ना!"

"ते अमेरिका. तिकडे त्यांना पूर्ण डॉक्टरकी शिकवतात. इकडे तसा नाही, काका. मी डॉक्टर नाही. सुरी सोडा, मी साधी अँटिबायोटिक लिहून देऊ शकत नाही. तिला सर्जन व्हायचं असेल तर माझी वाट तिकडे जात नाही. कधीच नाही."

पुरुषोत्तमराव उठून बसले. शर्टाची बटणं वरखाली लागली, टोपी टेबलावरच राहिली. बसमध्ये ड्रायव्हरने दोनदा विचारलं, कुठे उतरायचंय.

घरी ईशिता आजीसाठी चहा गाळत होती. त्यांनी दारातूनच सगळं ओकून टाकलं. तिने गाळणं खाली ठेवलं.

"मला माहीत होतं, आजोबा."

"माहीत होतं?" ते आत आले. "आणि गप्प बसलीस?"

"तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. बाबा पण गप्प बसले. आणि आजीला मी जवळ हवी होते ना."

"कोण म्हणालं?" आतल्या खोलीतून वैजयंतीबाईंचा बारीक पण खणखणीत आवाज आला. "मी कधी म्हटलं? मला काय उशाशी सर्जन बसवायचाय? अहो, मी गेल्यावर एकटं पडायची भीती तुम्हाला. माझं नाव कशाला पुढे करता?"

पुरुषोत्तमराव खुर्ची ओढून बसले. नीनाच्या बोलण्याने लागला नव्हता एवढा धक्का या बोलण्याने लागला, कारण ते खरं होतं आणि त्यांनी ते स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं.

"सात दिवसांत एकदा बदलता येतं," ईशिता हळूच म्हणाली. "आज सहावा."

"मग बदल!"

"पण पंगतीत—"

"पंगत गेली खड्ड्यात!" असं त्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. चहा गाळणीतच राहिला. "जयंताला, रवीला, सगळ्यांना मी फोन करतो. सांगतो, म्हातारा चुकला. तू आधी ते बटण दाब."

तिने कॉम्प्युटर लावला. स्कॉटलंडचं नाव पडद्यावर परत येईपर्यंत ते तिच्या मागे उभे होते, तसली कंबर घेऊन.

सप्टेंबरात ईशिता गेली. स्टेशनवर आजोबांनी तिची बॅग कुणाला उचलू दिली नाही. घरून निघताना आजीने तिच्या हातावर दही घातलं आणि म्हटलं, "शनिवारी यायचं नाही. अभ्यास करायचा."

ईशिता आली ती दोन महिन्यांनी, दिवसभराचा प्रवास करून, अंधार पडल्यावर. वैजयंतीबाई त्याच दिवशी सकाळी गेल्या होत्या, बुधवारी, २२ नोव्हेंबर २००६ रोजी.