गाडीची खांदेमळणी

वीरधवल चार वर्षं कार रेसिंग करत होता आणि चार वर्षांत त्याची एकही शर्यत पुरी झाली नव्हती. कधी गिअरबॉक्स गेला, कधी रेडिएटर, एकदा तर दुसऱ्याच गाडीचं चाक निखळून याच्या बॉनेटवर येऊन बसलं. कराडजवळच्या त्याच्या गावात लोक आधी "कितवा आलास?" म्हणून विचारायचे, आता "कुठवर गेलास?" विचारायचे.

बाकीचे ड्रायव्हर कंपन्यांच्या टीमचे. याची एन्ट्री खासगी. म्हणजे ड्रायव्हर हा, मेकॅनिक चुलतभाऊ शिवतेज, आणि गाडी ठेवायला बैलांचा रिकामा गोठा. गाडी कुणाच्याही दारात असते तसलीच, चार दारांची. फक्त आत सीट एकच आणि भोवती लोखंडी पिंजरा.

यंदा संघटनेनं कळवलं होतं, जुलैअखेर एक तरी शर्यत पूर्ण करा, नाहीतर लायसन्स रद्द. जुलैत शर्यत एकच होती, कोइमतूरला. त्यात हुबळीच्या पुढं गाडी घातलेला टेंपो बंद पडला, सराव हुकला, आणि दोघं पोचले ते थेट शर्यतीच्या दिवशी सकाळी.

चाचणीच्या फेरीत सरळ रस्ता संपताना वीरधवलनं ब्रेक दाबला. गाडीनं ऐकलंच नाही. त्यानं परत दाबला, मग दोन्ही पायांनी दाबला, मग कुलदैवताचं नाव घेतलं आणि कडेच्या खडीत घुसता घुसता कसाबसा वळला. दुरुस्तीच्या जागेत, पिटमध्ये आला तेव्हा चारी चाकांतून धूर निघत होता आणि धुराला शिऱ्याचा वास होता.

शिवतेजनं चाक काढलं. आतल्या थाळीसारख्या डिस्कवर पिवळा थर. त्यानं बोट लावून चाटून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला, कारण चव घरची होती. त्यानं आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

बनुबाईंनी काही लपवलं नाही. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी राबणाऱ्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं, खांदा मळायचा, हे त्या लग्न होऊन आल्यापासून करत आल्या होत्या. आता गोठ्यात बैल नव्हते, गाडी होती. अडचण एवढीच की गाडीचा खांदा कुठं असतो ते कुणी सांगितलेलं नव्हतं. सगळं ओझं चाकांवर येतं असा विचार करून त्यांनी चाकांच्या फटीतून हात आत घातला होता.

"थाळ्या पार कोरड्या ठणठणीत होत्या रं," त्या म्हणाल्या. "आतनं, भायेरनं, दोनीकडनं चोळलं. गाईचं तूप हाय."

"काकी, त्यावर ब्रेक लागतो," वीरधवल म्हणाला.

"मग आता मऊ लागंल की."

ब्रेक पॅडचा जादा जोड घरी राहिला होता. तोही खोक्यातून काढून चोळल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं.

दोघांनी डिस्क पेट्रोलनं धुतल्या, पॅड पॉलिशपेपरनं घासले. पण तूप आत मुरलं होतं. शिवतेज हात पुसत म्हणाला, "लायसन जाऊ दे, गड्या. तुला काय झालं तर घरी मी काय सांगू?" वीरधवलनं हेल्मेट घातलं, कारण हेल्मेट घातल्यावर उत्तर द्यावं लागत नाही.

तो सगळ्यात मागून सुटला. बाकीचे वळणाला टेकल्यावर ब्रेक मारायचे. हा त्याच्या कितीतरी आधी, जिथं एका बनियनची जाहिरात होती, तिथूनच सुरू करायचा. ब्रेक कधी लागायचा, कधी नाही, आणि ते कळायला प्रत्येक वेळी वळणापर्यंत जावंच लागायचं. गिअर खाली ओढताना तो बैल थांबवताना म्हणतात तसं "हो, हो" म्हणतोय हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं. धूर बघून बाकीच्यांनी त्याच्यापासून अंतर राखलं. झेंडेवाला मात्र दर फेरीला गाडी बाहेर काढायचा झेंडा हातात घेऊन उभा दिसायचा. पण त्यानं तो उघडला नाही. नुसता वास घेत राहिला. जेवणाची वेळ होती.

शेवटी चौकड्यांचा झेंडा पडला. वीरधवलची शर्यत पुरी झाली, पण वीरधवल थांबेना. ब्रेकचं पेडल सरळ तळाला जाऊन बसलं होतं. बाकीच्या गाड्या पिटमध्ये गेल्या, ड्रायव्हर उतरून पाणी प्याले, आणि हा एकटाच एकेक गिअर खाली आणत अख्खी फेरी फिरला. पिटमध्ये शिरला तेव्हा शिवतेज आणि तीन अधिकारी पळत येऊन मागून लोंबकळले, तेव्हा कुठं गाडी थांबली.

"धरली का?" आतूनच वीरधवलनं विचारलं.

"धरली. अकरावा."

"कितीतनं?"

"अकरा."

लायसन्स वाचलं होतं. शिवतेजनं तोवर घरी कळवलं होतं आणि आता तो फोन खिशात टाकत होता.

"काय म्हणती काकी?"

"चार वर्सं खांदा मळला न्हाई, चार वर्सं मोडली. यंदा मळला तर पोचली. फुडच्या बेंदराला इंजनालाबी लावती म्हणती."

वीरधवलनं त्यात खोट काढायचा प्रयत्न केला. हिशेब काकींच्या बाजूनं चोख होता. कराडात कुणाकडं गाडी ठेवायला बंद गॅरेज आहे का, कुलूपवालं, हे तो तिथंच बसून आठवू लागला.