दोनशे टॉवेल

टॉवेल दोनशे होते. पांढरे, चांगले जाड, आणि प्रत्येकाच्या काठावर निळ्या अक्षरांत छापलेलं: ‘मंडळीच्या वडीलपदी नेमणूक झाल्याबद्दल प्रभूचे आभार – मा जोंग-हो.’ मा जोंग-हो म्हणजे मी. आणि माझी नेमणूक झालेली नव्हती.

कोरियात, आमच्या मोकपोच्या चर्चमध्ये वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा ज्येष्ठ, निवडायचा तर दोन-तृतीयांश मतं लागतात. निवडून आलेला माणूस पदग्रहणाच्या दिवशी आपलं नाव छापलेला टॉवेल सगळ्यांना वाटतो. छापून यायला तीन आठवडे लागतात, म्हणून मी मतदानाआधीच सांगून ठेवलं. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. पण दोनदा माझं थोडक्यात हुकलं होतं, सव्वीस वर्षं मी रविवारची शाळा चालवली होती, हायस्कूलचा हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो होतो. मला नाही तर कोणाला निवडणार?

प्यो दाल-सूला! टायरचं पंक्चर काढणाऱ्या दाल-सूला, माझ्याच वर्गात दर वेळी गणितात गचकणाऱ्या दाल-सूला. तो निवडून आला आणि मला अकरा मतं कमी पडली.

मी नुसता जळफळत होतो. प्रार्थनेला डोळे मिटले की ते अकरा जण कोण असतील याचाच हिशेब सुरू व्हायचा. शेवटी बायकोला सांगून टाकलं, हे चर्च सोडायचं.

“तुम्ही जा,” बोक-रे म्हणाली. “मी माझं तिथलं स्वयंपाकघर सोडणार नाही.”

“अगं, माझी काडीची किंमत नाही तिथे!”

“आणि त्या टॉवेलच्या खोक्यांचं काय? वॉशिंग मशीनपर्यंत हात पोचत नाही माझा. तरी म्हणत होते, निकाल लागू द्या आधी.”

मी पेपर तोंडासमोर धरला.

पदग्रहणाला गेलो नसतो तर लोक म्हणाले असते, जळतोय. म्हणून गेलो. कार्यक्रम आटोपला की पाळकांना गाठून सांगायचं, मी हे चर्च सोडतोय. दाल-सू कोटाला फूल लावून अवघडून उभा होता. त्याने टॉवेल छापलेच नव्हते. “स्वतःच्या नावाचे टॉवेल वाटायचे म्हणजे लाज वाटते हो, सर,” म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बिचाऱ्याला खोक्यांचं काही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात तळघरातून आरडाओरडा ऐकू आला. जेवणघरात पाइप फुटला होता. मी खाली पोचेपर्यंत कोणीतरी नळ बंद केला होता, पण जमीनभर पाणी, आणि जमिनीवरच तर सगळ्यांना जेवायला बसायचं. म्हाताऱ्या बायका जिन्यात खोळंबल्या होत्या. फडकी होती चार.

बोक-रे अनवाणी, त्या गार पाण्यात गुडघे टेकून आपला एप्रन पिळत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कोणी टॉवेलांबद्दल विचारलं असतं तर मी सरळ कानांवर हात ठेवले असते. आमचं घर रस्त्यापलीकडेच, तडक गेलो. काठ कापून आणावेत, असाही विचार आला. दोनशे काठ! बायको तिथे थंडीने कुडकुडतेय आणि मी कात्री शोधतोय. स्वतःचीच किळस आली.

ढकलगाडीवर घालून खोकी आणली आणि उघडली.

“अय्या, सर!” स्वयंपाकघरातली एकजण काठ वाचून ओरडली. “वडील झालात कधी? आम्हाला बोलावलं नाहीत ते!”

हशा पिकला.

“झालो नाही,” मी म्हणालो. “मतदानाआधीच छापून घेतले. माझ्याइतकं लायक इथे कोणी नाही असं वाटत होतं मला. घ्या, पुसा.”

हसू थांबलं. ते जास्त झोंबलं.

दाल-सू कोट काढून, पँट दुमडून कधीचा ओणवा झाला होता. त्याने एक टॉवेल उचलला, काठ आत जाईल अशी घडी घातली आणि पुसायला लागला. “मी काही वाचलेलं नाही, सर,” हळूच म्हणाला.

त्याच्या चांगुलपणाचा मला इतका राग आला की एक सणसणीत उत्तर अगदी ओठावर आलं होतं. पण वरमून मीही खाली बसलो. गुडघे कटकन वाजले. मी पुसत होतो, पण पाणी फक्त इकडून तिकडे जात होतं. सव्वीस वर्षांत मी या तळघरात फक्त जेवायला उतरलो होतो. इथे कोण पुसतं, कोण धुतं, कधी बघितलंच नव्हतं. त्या अकरा जणांनी बघितलं असणार.

“सर, उठा तुम्ही,” दाल-सू म्हणाला. “गुडघे दुखतील. मी करतो.”

“राहू द्या, प्यो वडील,” मी म्हणालो. “मला हे नीट येत नाहीये. जरा शिकवता का?”

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग माझा टॉवेल घेतला, घट्ट पिळला आणि पुन्हा माझ्या हातात दिला.